मालवण ते नेत्राणी : सहा दिवसांत डायव्ह कुठे कुठे सोडली

पहिला दिवस : मालवण, चतुर्दशी

पुण्याहून रात्रभर बसने आलेल्या माणसाने त्याच सकाळी स्कूबा डायव्हिंगची टँक पाठीवर घेऊ नये. जागरण, घाटातली वळणं आणि बस वाटेत थांबवायला नको म्हणून मुद्दाम कमी प्यायलेलं पाणी, या तिन्ही गोष्टी खोल पाण्यात अंगाशी येतात. शरीरात पाणी कमी असलं की डीकॉम्प्रेशनच्या त्रासाचा, म्हणजे वर येताना दाब घटून शरीरात बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो असं मानलं जातं. झोप झाली नसेल तर गेजवरचा, म्हणजे टँकमध्ये हवा किती उरली ते दाखवणाऱ्या काट्याचा, आकडा दिसतो, पण डोक्यात शिरत नाही. म्हणून पहिला दिवस आधीपासूनच कोरडा ठेवला होता.

मालवणहून कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापर्यंतचा बेत, गटात सहा जण. चौघे ओपन वॉटर कोर्स केलेले, म्हणजे १८ मीटरपर्यंतचे, आणि दोघे अ‍ॅडव्हान्स्ड, ३० मीटरपर्यंतचे. मर्यादा नेहमी सर्वांत कमी शिकलेल्याची धरायची, म्हणून सहाही दिवस १८ मीटर.

संध्याकाळी चहाच्या टेबलावर एक कागद काढला आणि डायव्ह कधी करायची नाही ते आकड्यांत लिहून काढलं. हे काम जमिनीवर आणि आदल्या दिवशीच करायचं असतं, कारण होडीत बसल्यावर माणसाचा हिशेब बदलतो. पैसे भरलेले असतात, रजा मोडलेली असते, ओला वेटसूट कसाबसा अंगात चढवलेला असतो. दर पायरीला ‘आता आलोच आहोत तर’ या वाक्याचं वजन वाढत जातं. लाट बघून मर्यादा ठरवायला बसलं तर मर्यादा लाटेएवढी होते.

कागदावर पहिल्या दोन ओळी आकड्यांच्या नव्हत्या. एक : कोणीही, कुठल्याही क्षणी, कुठल्याही कारणाने डायव्ह थांबवू शकतो. दोन : त्याला पाण्यात किंवा शिडीवर कारण विचारायचं नाही. दुसरी ओळ नसेल तर पहिलीला अर्थ उरत नाही. सगळ्यांसमोर ‘का रे, काय झालं?’ असं विचारलं जाणार हे माहीत असलेला माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो आणि ओढत राहतो.

तिसरी ओळ पैशांची. डायव्ह सेंटरला पहिल्याच भेटीत विचारून घ्यायचं : समुद्र खराब म्हणून तुम्ही रद्द केलीत तर पैसे परत की दुसरा दिवस? आम्ही रद्द केली तर? उत्तर काहीही येवो, ते आधी ठाऊक असलं की होडीवर पैसा डोक्यात येत नाही. या प्रश्नाला न चिडता सरळ उत्तर देणारं सेंटर सहसा स्वतःहूनही डायव्ह रद्द करतं. निवडायचं ते असं.

मग अंदाज बघितला. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, दोन्ही बघायचे. बहुतेक जण लाटेची फक्त उंची बघतात. त्याहून महत्त्वाचा असतो लाटेचा काळ, म्हणजे एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे सेकंद. खोल समुद्रात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर सेकंदांचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणायचं. स्थानिक वाऱ्याने उठलेली ५ सेकंदांची लाट ३९ मीटर लांब. लाटेची हालचाल लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोचते, म्हणजे ही २० मीटरवर संपते आणि १० मीटरवरच बरीच मंदावलेली असते. दूर दक्षिणेच्या महासागरातून आलेली १४ सेकंदांची लाट मात्र ३०० मीटर लांब. ती वर दिसायला गुळगुळीत, होडीत पोटातलं पाणीही हलत नाही, पण तिची ढकल आपण जाऊ त्या प्रत्येक खोलीवर तळापर्यंत पोचलेली असते. वारा नसताना, आरशासारख्या समुद्रात खडकावर आपटून खरचटलेले डायव्हर या लाटेचे असतात. आमचा आकडा असा ठरला : १२ सेकंदांच्या वरची लाट आणि उंची १ मीटरच्या पुढे असेल तर खडकाळ जागा नाही.

भरतीसाठी कोकणात सगळ्यांना पाठ असलेला हिशेब आहे : तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा, १५ गुणिले पाऊण, सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याला बसतो. मालवणला भरती त्याआधी येते, म्हणून नेमकी मिनिटं तक्त्यात बघायची. तिथीचा खरा उपयोग वेगळा आहे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाण्याची ये-जा जास्त, प्रवाह जोरात आणि तळचा गाळ उठलेला. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद आणि निवळ. सुट्टी जोडून आली म्हणून पौर्णिमेला आलो होतो, याचा अर्थ पहिले दोन दिवस कमी मिळणार हे बसच्या तिकिटावरच लिहिलेलं होतं. रजा टाकण्याआधी कॅलेंडरमध्ये वाराच्या शेजारची तिथीही वाचावी.

दुसरा दिवस : सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, पौर्णिमा

किल्ला १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधला गेला आणि त्याच्या भोवतीचे खडक आजही होड्यांना हिशेबानेच वाट देतात. याच परिसरात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. प्रवाळ उथळ पाण्यात आहे, म्हणून शिकाऊ माणसाला जागा चांगली. पण उथळ म्हणजे निर्धोक नव्हे. लाटेची ढकल उथळ पाण्यातच सर्वांत जास्त लागते.

सकाळी साडेसातला जमिनीकडून येणारा मतलई वारा होता, पाणी किनाऱ्याजवळ सपाट. होडी लागल्यावर पहिलं काम ताटलीचं. जेवणातली स्टीलची पांढरट छोटी ताटली, मध्ये भोक, खाली एक शिसं आणि दोरीला दर मीटरला गाठ. सावलीच्या बाजूने ती सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. इथे चौथ्या गाठीला ताटली हिरवट झाली आणि पाचवीच्या आत गेली. पाण्याखाली आडवं किती दिसेल याचा हा नेमका आकडा नव्हे, पण जवळपासचा अंदाज नक्की येतो. कागदावरची मर्यादा ३ मीटर होती. तीनच का? हात लांब करून बडीने, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराने, दाखवलेली खूण ओळखू यायला आणि तो पायातला फिन एकदा मारून पुढे गेला तरी नजरेत राहायला एवढं लागतंच. त्याहून कमी दिसत असेल तर जोडी नावापुरती राहते.

तांडेलांनी नांगर टाकताना एकच वाक्य सांगितलं : “ओहोटी लागली काय थंय थांबूचा नाय.” कारण सोपं आहे. भरतीचं पाणी बाहेरून येतं, स्वच्छ असतं. ओहोटी लागली की खाडीचं आणि नदीचं गढूळ पाणी त्याच वाटेने बाहेर पडतं. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी तर हे डोळ्यांनी दिसतं, दोन रंगांच्या पाण्यात सरळ रेघ पडते. तिथे ओहोटीत उतरलेला माणूस नदीबरोबर समुद्राकडे जातो. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचा तास आणि पाणी थांबतं ती पंधरा-वीस मिनिटं, एवढीच डायव्हची वेळ धरायची.

उतरल्यावर ६ मीटरवर ढकल जाणवू लागली. ती मोजायला एक खडक आणि एक आपण पुरतो. फिन्स न मारता तरंगत राहायचं आणि लाट आपल्याला किती पुढे-मागे नेते ते बघायचं. हातभर असेल तर चालतं. स्वतःच्या उंचीएवढी झाली की त्या खडकाजवळून निघायचं, कारण तेव्हा खडकापासूनचं अंतर लाट ठरवत असते, आपण नाही. इथे ती सहा फुटांपर्यंत गेली. बाविसाव्या मिनिटाला अंगठा वर झाला, म्हणजे ‘वर चला’ची खूण, आणि टँकमध्ये ११० बार (भरलेली टँक २०० बार दाबाची) असताना सगळे वर आले. टँकमध्ये हवा उरली आहे हे डायव्ह चालू ठेवण्याचं कारण होत नाही.

दुसरी डायव्ह होडीवरच रद्द झाली. साडेअकराच्या सुमाराला होडीवरचा झेंडा आधी लोंबला, मग फिरून जमिनीकडे फडफडू लागला. समुद्रावरून येणारा खारा वारा सुरू झाला होता. हिवाळ्यात हा वारा दुपारी वाढतच जातो. पश्चिमेकडचं पाणी काळसर दिसू लागतं, मग लाटांच्या माथ्यावर फेस फुटतो. फेस दिसेपर्यंत थांबायची गरज नाही. झेंडा फिरला आणि ओहोटीही लागली, एवढ्यावर निर्णय व्हायला हवा.

त्याच वेळी शेजारच्या होड्यांवर पहिल्यांदाच उतरणाऱ्या पर्यटकांची रांग होती. मालवणला येणारे बहुतेक मराठी लोक असेच, प्रशिक्षण न घेता, प्रशिक्षकाचा हात धरून उतरतात. त्यांच्यासाठी डायव्ह सोडायच्या जागा वेगळ्या आहेत. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, फिट येणं यांपैकी काही असेल आणि डॉक्टरांचा होकार नसेल, तर होडीतच चढू नये, आणि हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत तर त्या सेंटरचीही पायरी चढू नये. पाण्यात शिरल्यावर उथळ जागी तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घेतात. तिथे मास्क पुन्हा पुन्हा ओढणारा, डोळे विस्फारलेला, लांब श्वास न घेता धापा टाकणारा माणूस घाबरलेला आहे. घरच्यांनी ‘अगं, काही होत नाही, जा’ असं वरून ओरडू नये. घाबरलेला माणूस श्वास रोखून वर झेप घेतो. ५ मीटरवर दाब दीड बार असतो, म्हणजे तिथे भरलेलं फुप्फुस पृष्ठभागावर दीडपट व्हायला बघतं. फुप्फुसाला इजा होण्यासाठी खूप खोल जावं लागत नाही, मीटर-सव्वामीटरही पुरतो.

आणि एक खूण उतरण्याआधीच पक्की करून घ्यावी. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे ‘मस्त’. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘डायव्ह संपली, वर चला’. ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. फोटोसाठी हौसेने अंगठा दाखवणारे बरेच जण वर आणले जातात, ते ठीकच. पण याच्या उलट जास्त वाईट : प्रशिक्षकाला त्याची इतकी सवय होते की खरा अंगठाही त्याला फोटोचा वाटतो.

तिसरा दिवस : मालवण, समुद्र उत्तम

लाट लहान, ताटली सहाव्या गाठीपर्यंत. आजच्या दोन्ही अडचणी होडीवरच्या होत्या.

पहिली सर्दी. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी प्रत्येकाने नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दोन्ही कानांत ‘टक’ असा आवाज आला पाहिजे, आणि तोही जोर न लावता. एकाचा उजवा कान गप्प होता. जमिनीवर न उघडणारा कान पाण्यात उघडत नाही. दाबाचा सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो, दाब दुप्पट होतो, आणि दुखणं २-३ मीटरवरच सुरू होतं. तिथे जोर लावून फुंकलं तर पडदा फाटू शकतो. थंड पाणी मधल्या कानात गेलं की भोवळ येते आणि वर कुठे, खाली कुठे तेच कळत नाही.

‘गोळी घेऊन उतरतो’ हा उपाय सर्दीपेक्षा वाईट. नाक मोकळं करणाऱ्या गोळीचा किंवा स्प्रेचा असर डायव्हच्या मध्यावर ओसरला तर आत शिरलेली हवा वर येताना अडकते. खाली जाताना कान अडला तर वर फिरता येतं. वर येताना अडला तर जायचं कुठे? टँक संपत असते. म्हणून सर्दी असेल तर गोळीवर डायव्ह नाही, असं कागदावर सरळ लिहिलेलं होतं. तो होडीवर राहिला आणि त्याच्या बडीला तिसऱ्या जोडीत घातलं. होडी लागल्याची गोळी घेणाऱ्यांनीही सावध राहावं. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीने झोप येते, आणि ती आपल्याला किती येते ते जमिनीवर एकदा घेऊन आधी बघितलेलं असावं. ओकाऱ्या सुरूच असतील तर उतरायचं नाही.

दुसरी अडचण काट्याची, आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवं. टँकवर रेग्युलेटर बसवला, व्हॉल्व्ह उघडला, गेजवर २०० बार. बहुतेक जण इथे थांबतात. पुढची पायरी अशी : रेग्युलेटर तोंडात धरून चार-पाच खोल श्वास घ्यायचे आणि नजर सगळा वेळ काट्यावर. काटा दगडासारखा स्थिर राहायला हवा. एका टँकवर श्वास ओढला की काटा २०० वरून १६० ला पडत होता आणि श्वास सोडला की परत २०० ला चढत होता. व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नव्हता. कोणीतरी अर्धवटच उघडला किंवा उघडा असताना थोडा बंदकडे फिरवला, असं होतं. होडीवर, जिथे दाब १ बार, तिथे त्या फटीतून पुरेशी हवा येते. १८ मीटरवर प्रत्येक श्वासाला २.८ पट हवा लागते आणि ती फट तेवढी देऊ शकत नाही. गेजवर टँक भरलेली आणि छातीत हवा नाही, अशी अवस्था. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर काटा स्थिर झाला, म्हणून ती टँक चालली. पूर्ण उघडूनही काटा हलत असता तर ती टँक आणि तो रेग्युलेटर, दोन्ही बाजूला ठेवायचे होते. व्हॉल्व्ह किंवा फिल्टर चोंदलेला आहे का, हे होडीवर शोधत बसायचं काम नाही.

त्याच पाच श्वासांत हवेची चवही बघायची. तेलकट, धुराचा वास असलेली किंवा जिभेवर काहीतरी ठेवणारी हवा असेल तर ती टँकच नव्हे, त्या दिवशी त्याच कॉम्प्रेसरवर भरलेल्या सगळ्या टँका संशयाच्या. कॉम्प्रेसर हवा जिथून ओढतो तिथे इंजिनाचा धूर वळत असेल तर टँकमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्याला जो येतो तो त्याच्या सोबत्यांचा, आणि खोलीवर दाब वाढला की त्याचं विषही वाढतं.

बीसीडीचा, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जाकिटाचा, इन्फ्लेटर अडकून आपोआप हवा भरत राहिला, किंवा हवा धरून न ठेवता जाकीट दहा मिनिटांत मऊ पडलं, तर डायव्ह नाही. टँकच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर ओ-रिंग, म्हणजे तिथली रबरी कडी, बदलायची. २ मिनिटांचं काम आहे, जास्तीच्या ओ-रिंगा प्रत्येकाच्या डबीत असाव्यात. दुरुस्तीला मात्र मर्यादा दोनाची : एकाच माणसाच्या सामानात तिसरी गोष्ट बिघडली की त्याची त्या दिवसाची डायव्ह संपली. तिसऱ्या दुरुस्तीपर्यंत त्याचं लक्ष, धीर आणि वेळ तिन्ही खर्च झालेले असतात आणि बाकीचे उन्हात वेटसूट घालून खोळंबलेले असतात.

दोन्ही डायव्ह छान झाल्या. १० मीटर, ४० मिनिटं.

चौथा दिवस : रस्ता

कुडाळ, सावंतवाडी, गोवा, कारवार, अंकोला, होन्नावर आणि मुरुडेश्वर. राष्ट्रीय महामार्ग ६६ ने तीनशे किलोमीटरच्या आसपास. कोकण रेल्वेनेही येता येतं, मुरुडेश्वरला स्टेशन आहे. आज पाणी नाही, संध्याकाळी फक्त हवेचा हिशेब. नेत्राणी किनाऱ्यापासून १९ किलोमीटर आत आहे आणि तिथे मालवणसारखी चूक पोटात घालणारा उथळ तळ जवळ नसतो.

होडीवर नेहमी सांगतात, ‘५० बारला वर या’. हा ५० कुठून आला ते कोणी मांडून दाखवत नाही. मांडू या. आपल्याकडे सर्रास मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची टँक ११ लिटरची. समजा १८ मीटरवर बडीची हवा अचानक संपली आणि दोघे माझ्या टँकवर आले. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरायचं, दोघांचे ६०. खाली सावरायला १ मिनिट : ६० गुणिले २.८, म्हणजे १६८ लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगाने वर यायला २ मिनिटं, वाटेतला सरासरी दाब १.९ : २२८ लिटर. ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा, दाब १.५ : २७० लिटर. एकूण ६६६ लिटर. भागिले ११, म्हणजे साधारण ६१ बार. गेजची चूक धरून ७०. म्हणजे १८ मीटरवर असताना काटा ७० ला आला की वर निघायचंच. ५० बार एकट्याला पुरतात, दोघांना पुरत नाहीत.

नांगराच्या दोरीपाशी परत यायचं असेल तर उरलेल्या १३० चे दोन भाग करायचे. ६५ जाण्याचे, ६५ येण्याचे. २०० वरून निघालेला १३५ ला वळतो, आम्ही १४० धरले. आणि सुरुवात खरोखर २०० ची आहे का? नुकतीच भरलेली गरम टँक २०० दाखवते. ५० अंशांची टँक २८ अंशांच्या पाण्यात गेली की तीच १८६ होते. १७० च्या खाली सुरुवात असेल तर या जागेवर डायव्ह नाही, असं लिहिलं.

दुसरा हिशेब होडीवरच्या ऑक्सिजनचा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर. डीकॉम्प्रेशनच्या रुग्णाला मिनिटाला १५ लिटर लावला तर १०० मिनिटं. नेत्राणीहून किनारा दीड तास. म्हणजे एक सिलिंडर जेमतेम धक्क्यापर्यंत आणि पुढच्या रस्त्याला काहीच नाही. दोन हवेत, भरलेले हवेत, आणि पाना त्यांच्याच गळ्यात बांधलेला हवा. हे होडीवर नसेल तर समुद्र कितीही चांगला असो, होडी सुटायच्या आधीच डायव्ह सोडायची. डीकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली, जवळात जवळ कुठे चालू आहे हेही आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे, पण मुरुडेश्वरहून ते रस्त्याने सातशे किलोमीटरच्या पुढे पडतं.

पाचवा दिवस : नेत्राणी, कृष्ण तृतीया

सकाळी सातला होडी सुटली. दोन इंजिनं, वायरलेस सेट, शिडी आणि दोन माणसं होडीवरच राहणारी. चढताना सगळ्यांची मोजणी आणि आकडा पाटीवर.

बेटाजवळ खोल, निळं पाणी आणि १५ मीटरवरचं स्पष्ट दिसणारं. अशा पाण्यात प्रवाहाकडे दुर्लक्ष होतं. उघड्या समुद्रात भरतीचा तक्ता अपुरा पडतो. हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा मुख्य प्रवाह उत्तरेकडे वाहतो, त्यात भरती-ओहोटीची भर किंवा वजाबाकी होते आणि बेटाच्या टोकांना पाणी वळून जोर धरतं. तक्त्यात पाणी थांबलेलं असताना इथे ते वाहत असू शकतं. म्हणून इथेच मोजायचं. साधन : नारळाच्या सोडणीचा मुठीएवढा तुकडा. होडी नांगरावर असताना तो नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, टाकायचा आणि मागच्या टोकापर्यंत यायला किती सेकंद लागले ते मोजायचे. होडी १० मीटरची. ४० सेकंद लागले तर अर्धा नॉट, धडधाकट डायव्हरला सोसतं. २० सेकंद म्हणजे एक नॉट, त्याविरुद्ध कोणीही फार वेळ पोहत नाही. आमची रेघ : ४० च्या वर असेल तर नांगराला धरून डायव्ह, २० ते ४० मध्ये असेल तर फक्त वाहत जायची डायव्ह आणि होडी नांगर उचलून मागोमाग, २० च्या आत असेल तर नाही.

पहिल्या वेळी ४६ सेकंद. उतरले. होडीच्या मागे ३० मीटर दोर आणि टोकाला तरंगता डबा सोडलेला, चुकून मागे पडलेल्याने धरायला.

दहाव्या मिनिटाला सगळ्यांनी बोटांनी आपापले बार दाखवायचे असं ठरलं होतं. शांत माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला २० लिटर ओढतो. १८ मीटरवर त्याचे ५६ लिटर होतात, टँकमधून मिनिटाला ५ बार. दहा मिनिटांत ५० बार. पाच जणांचे आकडे तसेच आले. सहाव्याचे ८० बार गेले होते, म्हणजे मिनिटाला ३१ लिटर. बुडबुडे तुटक, एकामागून एक. अशा वेळी थांबायची खूण करायची, खडकाचा आडोसा घ्यायचा, हातपाय हलवायचे नाहीत आणि श्वास लांब सोडायचा. कार्बन डायऑक्साइड साचला की श्वास वाढतो, आणि अपुरे, वरवरचे श्वास घेतले की तो आणखी साचतो. हे चक्र फक्त स्थिर राहून तुटतं. मिनिटभर बघितलं. बुडबुडे सावरले नाहीत. बडीने अंगठा वर केला, त्यानेही तसाच करून उत्तर दिलं. या खुणेवर चर्चा नसते, उत्तर म्हणून तीच खूण परत करायची. जोडी एकत्र वर येते, एकट्याला पाठवायचं नाही. ५ मीटरवर ३ मिनिटं, नारिंगी सॉसेज, म्हणजे होडीला दिसावी म्हणून हवा भरून सोडायची लांबट पिशवी, वर सोडला, होडीने बघितलं. वर आल्यावर आधी जाकिटात हवा. मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात, शिडीला हात लागेपर्यंत. डायव्ह सोडून वर आलेला माणूस सुटल्याच्या भावनेने सगळं एकदम काढतो आणि पुढच्याच लाटेचं पाणी नाकात घेतो.

बाकीचे चौघे १४० ला वळून ठरल्याप्रमाणे परतले.

दीड तासाने सोडणीचा तुकडा परत टाकला. २४ सेकंद. वाहत जायची डायव्ह कागदावर मान्य होती, पण त्यासाठी होडीने मोकळं राहून सॉसेजमागे फिरायला हवं, आणि तेवढ्यात दुसऱ्या होडीचे डायव्हर त्याच पाण्यात शिरले होते. बुडबुड्यांवर पंखा फिरवायचा नाही. रद्द. सेंटरच्या डायव्ह मास्टरने आमच्याआधीच मान हलवली होती. बेटाच्या आडोशाला, दोरीच्या टप्प्यात अर्धा तास स्नॉर्केलिंग झालं. शेवटची डायव्ह करून माणसं पृष्ठभागावर आली ती वेळ पाटीवर लिहिली : १०:५०.

सहावा दिवस : घाट

वर यायची वेळ लिहून ठेवली ती परतीच्या रस्त्यासाठी. डायव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन उरलेला असतो, उंचीवर हवेचा दाब घटतो आणि तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर यायला बघतो. विमानासाठीचा सर्वमान्य नियम : एकच साधी डायव्ह असेल तर १२ तास, रोज किंवा एकाहून जास्त डायव्ह झाल्या असतील तर १८, डीकॉम्प्रेशनचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. हा हिशेब सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लागतो. विमान गोव्यातल्या मोपाहून असो की दाबोळीहून, पुण्या-मुंबईचे लोक ते पाळतात. घाट विसरतात. मालवणहून आंबोली चढलं की साधारण ६९० मीटर. मुरुडेश्वरहून अंकोला-हुबळी-बेळगाव या वाटेने पुण्याला निघालं तर बेळगावला साडेसातशेच्या आसपास, आणि तीही गाडीत झोपलेल्या माणसाला न कळता.

१०:५० मध्ये १८ तास मिळवले की पहाटे ४:५०. रात्रीची बस स्वस्त होती आणि सीटही होत्या, पण ती साडेदहालाच घाट चढली असती. म्हणून सकाळी सातची गाडी. निघण्याआधी प्रत्येकाला विचारलं : खांदा, कोपर, गुडघा दुखतोय का, मुंग्या येतात का, कातडीवर चट्टे, नेहमीपेक्षा जास्त थकवा? यातलं एक जरी ‘हो’ आलं असतं तर घाट नाही, ऑक्सिजन आणि डॉक्टर. सगळ्यांचं ‘नाही’ आलं. तिसऱ्या दिवशी उजवा कान बंद असलेल्याने घाटात जांभया देत, गिळत जायचं ठरवलं.

गाडी अंकोल्याला उजवीकडे वळली. कागद घडी करून ओ-रिंगांच्या डबीत ठेवला. त्यात दोन आकडे खोडून नवीन घातले आहेत : पृष्ठभागावर प्रवाह २० ते ४० सेकंदांमध्ये असेल आणि दुसरी होडी जवळ असेल तर नाही, आणि पुढची रजा अष्टमीला धरून.